दोरीवरचा ऑक्टोपस

मनोरमाबाईंनी अट घातली ती गवार मोडता मोडता, आणि "आजच्या गवारीला शिरा फार आहेत" असं सांगावं त्याच आवाजात.

"नॅक्सॉसला मी येईन," त्या म्हणाल्या, "पण खाऊची पिशवी येणार नाही. तिथे मिळेल ते खायचं. जमणार असेल तर इशिताला हो कळवा. नसेल तर तुम्ही घर सांभाळा, मी जाऊन येते."

उत्तमराव नाबरांनी पेपर खाली ठेवला. विमा कंपनीच्या दावे विभागात उभी हयात काढलेला माणूस. कुठल्याही अटीत पळवाट कुठे आहे हे त्यांना वासावरून कळायचं. या अटीत पळवाट नव्हती.

नॅक्सॉस हे ग्रीसमधलं एक बेट. लेक इशिता आणि जावई जितेंद्र यांनी लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून या दोघांची तिथली सहल ठरवली होती. मागच्या खेपेला त्यांनी श्रीलंकेला पाठवलं होतं. तिथे समुद्राकाठच्या एका नावाजलेल्या खानावळीत उत्तमरावांनी पिशवीतून मेतकूट काढलं आणि वेटरकडे मऊ भात मागितला. वेटरने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने आचाऱ्याला, आणि मग तिघांनी मिळून उत्तमरावांना मेतकूट कालवताना पाहिलं. मनोरमाबाई त्या प्रसंगाचा उल्लेख नुसता "तो दिवस" असा करत.

"म्हणजे तुला वाटतं, मला परक्या मुलखातलं खाता येत नाही?"

"वाटत नाही हो. माहीत आहे."

हे लागलं. उत्तमराव मासे खाणाऱ्या घराण्यातले होते. आता त्या घराण्याचे मासे म्हणजे सुरमई, पापलेट आणि बोंबील, तेही ठरलेल्या वाटणात, ही गोष्ट वेगळी. ते ताठ बसले आणि म्हणाले, "ग्रीक बेटांवर लोक जे जे खातात ते ते मी इथे, या मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात, तुझ्यासमोर खाऊन दाखवतो. मग तर झालं?"

"दाखवा," मनोरमाबाई म्हणाल्या आणि गवारीकडे वळल्या.

बेटावर गेल्यावर काय काय खावं हे सांगणारे लेख इंटरनेटवर ढिगाने आहेत. उत्तमरावांनी त्यातला एक निवडला आणि फावा या पदार्थापासून सुरुवात केली. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर ऑलिव्हचं तेल, लिंबू आणि चिरलेला कांदा. लेखात याला सँटोरिनी बेटाची शान म्हटलं होतं. उत्तमरावांनी दोन वाट्या भरून खाल्ला आणि विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहिलं. मनोरमाबाईंनी चमचाभर चाखला.

"वरण," त्या म्हणाल्या.

"वरण नाही, फावा."

"हिंग घातला असतात तर वरण झालं असतं. घातला नाहीत म्हणून बिघडलेलं वरण. वरण खाल्लंत याचा पराक्रम कसला?"

दुसऱ्या दिवशी झात्झिकी झालं. दही, काकडी, लसूण. मनोरमाबाईंनी ते नुसतं लांबून पाहिलं आणि "कोशिंबीर" म्हणून निकाल दिला. मग द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून करतात त्या डोल्माद्यांची पाळी आली. द्राक्षाची पानं मीरा रोड स्टेशनाबाहेर मिळत नाहीत. तिथल्या भाजीवाल्याने "अंकल, पत्ता तो पत्ता होता है" असं तत्त्वज्ञान सांगून अळू गळ्यात मारलं. पानं वाफवायची किती, हे उत्तमरावांनी लेखात वाचून ठरवलं. आणि लेख द्राक्षाच्या पानांविषयी होता. त्यानंतर दुपार टळेपर्यंत ते तोंडात आमसूल धरून गॅलरीत बसले होते आणि प्रश्नांची उत्तरं मानेने देत होते.

"ही अळूवडी. तीसुद्धा कच्ची," मनोरमाबाई म्हणाल्या. पण संध्याकाळी त्यांनी न मागता मऊ भात केला, हेही नमूद केलं पाहिजे.

ऑलिव्हची बाटली तेवढी खरी परदेशी होती. पहिल्याच ऑलिव्हच्या बीने उत्तमरावांच्या दाढेवरची टोपी उडवली. दंतवैद्य बाईंनी विचारलं, काय खात होतात? त्यांनी शक्य तेवढ्या भारदस्तपणे "ऑलिव्ह" असं सांगितलं. जबडा बधिर असल्यामुळे ते नीट उमटलं नसावं. बाईंनी कागदावर "बोर" लिहिलं.

अशा वेळी माणसाने थांबावं. पण सल्ला देणारे शेजारी असले की थांबता येत नाही. वरच्या मजल्यावर ईश्वर पाटील राहत. मूळचे इथल्याच गोडदेव गावचे. वाडवडिलांचं मिठागर होतं, भातशेती होती. आता त्या जागी इमारती आहेत आणि ईश्वरभाऊंना फावला वेळ आहे. एकदा ते टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले होते आणि तेव्हापासून इमारतीत परदेशविषयक सगळे प्रश्न त्यांच्याकडे जात.

"नाबरसाहेब, डाल-काकडी खाऊन ग्रीस व्हत न्हाय," लिफ्टसमोर गाठून ते म्हणाले. "आमची बोट लागलीवती ना तिकडं बेटाला. हाटेलाच्या दारात दोरी. दोरीवर काय वालत घातलेला हाय, म्हाईत हाय? आठ पायांचा! आपले कपडे कसे वालत घालतो, तसा. उन्हात सुकवतात आन् मग भाजतात. तो खाल्लात की बाई गप."

"ऑक्टोपस?" उत्तमरावांचा आवाज बारीक झाला. "तुम्ही खाल्लात?"

"छ्या! आमच्यासंगती टूरचा महाराज व्हता. आमी पोहे खाल्ले." ईश्वरभाऊंनी लिफ्टचं दार उघडलं. "उत्तनला माझी वलखीची कोलीण हाय. जाल्यात कवा कवा गावतो. सांगून ठेवू?"

उत्तमराव नको म्हणणारच होते. पण मनोरमाबाई दूध घेऊन त्याच वेळी जिन्याने वर आल्या होत्या आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवून उत्तराची वाट पाहत होत्या.

"ठेवा," उत्तमराव म्हणाले.

मध्यंतरी व्हिसाचं घोडं अडलं. स्टेशनजवळच्या एजंटाने कागद चाळले आणि विजेचं बिल बाजूला काढलं. पासपोर्टात उत्तम, बिलात उत्तन. गेली कित्येक वर्षं वीज कंपनी त्यांना कोळ्यांचं गाव समजून बिल पाठवत होती आणि ते इमानाने भरत होते. एजंट म्हणाला, "सोसायटी का लेटर लगेगा, सेक्रेटरी की सही और स्टॅम्प के साथ. ये आदमी इधरही रहता है, करके."

सेक्रेटरी म्हणजे खालच्या मजल्यावरचे विपुल शहा. सालस माणूस. शिक्का मात्र ते देवघरातल्या वस्तूसारखा कपाटात ठेवत. "अरे अंकल, आपके लिए क्या," ते म्हणाले. "संडे को कमिटी है. सही मारके दे दूंगा." सोमवारी व्हिसाची तारीख होती. सगळं कसं बेतात बसलं होतं.

शनिवारी सकाळी ऑक्टोपस आला.

काळ्या पिशवीतून तो मोरीत उतरला तेव्हा उत्तमराव दोन पावलं मागे सरकले. माकूल त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पण हा माकुलाचा थोरला भाऊ होता, आणि मेलेला असूनही त्याच्या नजरेत काहीतरी विचारणा होती. लेखात म्हटलं होतं की ग्रीक कोळी याला किनाऱ्यावरच्या खडकावर आपटतात, म्हणजे मांस मऊ होतं. सिल्व्हर पार्कात खडक नाही. कपडे धुवायचा दगड आहे. उत्तमरावांनी धोतर नेसल्यासारखी लुंगी खोचली, एका हाताने चार पाय धरले आणि आपटायला सुरुवात केली.

थोड्याच वेळात बेल वाजली. दारात विपुल शहा.

"अंकल, कुछ तोड़फोड़ चालू है क्या? हमारा पंखा हिलता है. टाइल का काम होगा तो परमिशन लेना पड़ता है, आपको मालूम है."

उत्तमरावांच्या पाठीमागे लपवलेल्या हातांतून पाणी ठिबकत होतं. "नाही नाही," ते म्हणाले, "कपडा धो रहा हूँ."

विपुलभाईंनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "आंटी को बोलो, वॉशिंग मशीन में डाले. इस उमर में इतना जोर मत लगाओ."

ते गेल्यावर उत्तमरावांनी ऑक्टोपस गॅलरीतल्या दोरीवर चढवला. एका बाजूला त्यांचा बनियन, दुसऱ्या बाजूला उशीचे अभ्रे, मधे तो. निळ्या आणि गुलाबी चिमट्यांत लटकलेला. लांबून पाहणाऱ्याला कोणाचा तरी ओला स्वेटर वाटला असता. मनोरमाबाई बाहेर आल्या, नीट निरखून म्हणाल्या, "चिमटे नंतर गरम पाण्याने धुवा," आणि आत गेल्या.

उत्तमरावांनी खुर्ची टाकली, छत्री हाताशी घेतली आणि कावळ्यांवर पहारा सुरू केला. कावळे समोरच्या इमारतीच्या कठड्यावर ओळीने बसून सभा घेत होते. इतक्यात एजंटाचा फोन आला. फोटो नापास झाला होता. डावा कान दिसत नव्हता. "माझा डावा कान आहे," उत्तमराव दुखावून म्हणाले. एजंट म्हणाला, होगा, लेकिन फोटो में नहीं है. तेव्हा ते आत आरशापुढे गेले आणि चेहरा कसा धरला म्हणजे दोन्ही कान सारखे दिसतात याचा अभ्यास करू लागले.

परत आले तेव्हा दोरीवर चिमटे होते. ऑक्टोपस नव्हता.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. आवार स्वच्छ. वर पाहिलं, तर एक घार घिरट्या घालत लांब चालली होती. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. प्रयत्न प्रामाणिक होता, निसर्गापुढे इलाज नाही. असा दावा त्यांनी स्वतः मंजूर केला असता.

मग गच्चीवरून किंकाळी आली.

गच्चीवर विपुलभाईंच्या पत्नी भूमिकाबेन पापड वाळवत होत्या. तांदळाचे खिचिया पापड. जुन्या साड्या पसरून त्यावर एकेक चंद्रासारखा घातलेला. घारीला ओझं झेपलं नव्हतं. ऑक्टोपस पापडांच्या बरोब्बर मधोमध पडला होता, आठी पाय आठ दिशांना. भूमिकाबेन बटाटासुद्धा न खाणाऱ्या. त्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढल्या होत्या आणि उतरायला तयार नव्हत्या.

सोसायटीच्या ग्रुपवर विपुलभाईंनी फोटो टाकला. खाली लिहिलं, "ये किसका है?" उत्तरं भराभर येऊ लागली. ए विंगचा नाही. बी विंगचा नाही. कोणी म्हणालं विमानातून पडला असेल. सी विंगच्या सलोनीने विचारलं, बेचारा जिंदा है क्या? एका आजोबांनी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं.

उत्तमराव कोचावर बसून हे सगळं वाचत होते. एकदा घारीने उचलल्यावर वस्तूची मालकी कोणाची, हा प्रश्न कायद्याने विचार करण्यासारखा होता.

"सांगायला तुम्ही जाताय की मी जाऊ?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"अगं, उद्या सही व्हायची आहे लेटरवर."

"म्हणूनच आज जा."

गच्चीवर निम्मी इमारत जमली होती. वॉचमन काठीने लांबूनच ढोसून पाहत होता. उत्तमराव गर्दीतून पुढे गेले, घसा साफ केला आणि दावे विभागात निकाल वाचून दाखवायचे तसे म्हणाले, "तो ऑक्टोपस माझा आहे."



"पाळलेला होता?" मागून कोणीतरी हळहळून विचारलं.

ईश्वरभाऊ कठड्याला टेकून आभाळात काहीतरी शोधत होते. या भागात आपण आजच प्रथम येत आहोत असा त्यांचा चेहरा होता.

विपुलभाई रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते म्हणाले, "अंकल, आप तो बोले थे, कपड़ा धो रहा हूँ." आणि थोड्या वेळाने, "लेटर का... देखते हैं."

"पाहू" हा शब्द उत्तमरावांनी स्वतः नोकरीभर वापरला होता. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. पण त्या क्षणी त्यांना लेटरपेक्षा शिडीजवळच्या भूमिकाबेनचं जास्त वाटलं. मनोरमाबाईंनी हात देऊन भूमिकाबेनना खाली उतरवलं होतं आणि त्या रडत होत्या. सुरतला दिलेली त्यांची मुलगी रुचिता गरोदर होती. तिला अन्नाचा वास सहन होत नव्हता. आईच्या हातचा भाजलेला पापड तेवढा पोटात राहत होता. हे सगळे पापड तिच्यासाठीच घातलेले होते.

उत्तमराव पुढे झाले. ते म्हणाले, "मी परत करून देतो."

"आपको आता है?" भूमिकाबेननी डोळे पुसत विचारलं.

"नाही. पण सांगाल ते करेन."

ऑक्टोपस वॉचमनने पिशवीत घालून नेला. गच्ची धुवायला ईश्वरभाऊंनी, कोणी न सांगता, आपल्या घरून नळी आणली. इतकी कबुली त्यांच्याकडून पुष्कळ झाली. उत्तमरावांनी आंघोळ केली. भूमिकाबेनच्या सांगण्यावरून आणखी एकदा केली.

रविवारी सकाळी गच्चीवर उकडलेल्या पिठाचं मोठं पातेलं आलं. भूमिकाबेन गोळे करत, मनोरमाबाई पापडाच्या यंत्रात दाबत, आणि उत्तमरावांनी तो ओलसर पापड न फाडता साडीवर नेऊन घालायचा. पहिले काही फाटले. काही त्यांच्या मनगटाला चिकटले आणि तिथेच वाळू लागले. भूमिकाबेन "धीरे, अंकल, धीरे" म्हणत राहिल्या. मग हात बसला, आणि बायकांचं बोलणं त्यांच्या पाठीमागे आपापलं सुरू झालं.

"भाभी, उधर जाके आप खाओगे क्या?" भूमिकाबेननी विचारलं. "उधर तो सब ऐसाच मिलेगा."

"सब खाऊंगी," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी अर्धं मराठीच होतं. "मेरेको सब खाके देखना है. श्रीलंका में सामने इतना बड़ा खेकडा था. लाल, वाफ निकल रही थी. पण ये मेतकूट लेके बैठे. फिर मैं अकेली कैसे खेकडा फोडत बसू? मैंने भी मेतकूट-भातच खाया. कोचीला भी वोईच, गंगटोकला भी वोईच. ये नीट जेवले नाहीत तर मेरेको घास उतरत नाही, और ये जेवतात तो सिर्फ घरका."

"इनको बोला कभी?"

"क्या बोलना, भूमिकाबेन. इनको लगता है मेरेको लाज वाटली."

उत्तमराव साडीजवळ ओणवे उभे होते. हातावर पापड तसाच. "तो दिवस" म्हणजे वेटर, मॅनेजर आणि आचारी, असं इतके दिवस ते धरून चालले होते. त्यात खेकडा असल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. समोरच्या बशीत असणारच, ती म्हणते म्हणजे. लाल, वाफाळता. आणि तो तसाच परत गेला असणार. त्यांनी कोची आठवून पाहिलं, गंगटोक आठवून पाहिलं. दोन्हीकडे त्यांना फक्त स्वतःचं ताट आठवलं.

"अंकल! कागडो!" भूमिकाबेन ओरडल्या. एक कावळा कोपऱ्यातला पापड उचलून पसार झाला होता.

दुपारी विपुलभाई लेटर घेऊन वर आले. त्यांनी पसरलेले पापड पाहिले, पिठाने माखलेले उत्तमराव पाहिले. मग लेटर मोठ्याने वाचलं: श्री. उत्तम नाबर हे या इमारतीत राहतात, त्यांच्या वर्तणुकीबद्दल सोसायटीची काही तक्रार नाही. इथे ते किंचित थांबले. भूमिकाबेननी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. विपुलभाईंनी कठड्यावर कागद धरला आणि शिक्का मारला.

व्हिसा झाला. दोन्ही कान दिसणारा फोटोही पास झाला. पापड सुरतला पोचले. आणि एका संध्याकाळी नाबर पतिपत्नी नॅक्सॉसच्या धक्क्यावर, समुद्राच्या इतकं जवळ की खुर्चीचा पाय ओला व्हावा, अशा टेबलाशी बसली.

मनोरमाबाईंनी मेन्यू वाचलाच नाही. शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून त्या वेटरला म्हणाल्या, "धिस." आलं ते समुद्रातलं एक काळं, काटेरी प्रकरण होतं, मधोमध कापलेलं, आत नारिंगी गर, कच्चाच, वर लिंबू. ते चमच्याने काढून पावाला लावून खातात, असं वेटरने खाणाखुणांनी सांगितलं.

उत्तमरावांनी चमचा भरला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. चांगलं म्हणायचं असं त्यांनी विमानातच ठरवून ठेवलं होतं.  मग मोठ्या कष्टाने गिळून पाणी प्यायले.

"मला नाही जमत हे," ते म्हणाले.

मनोरमाबाईंनी लगेच चमचा खाली ठेवला. "मग तुमच्यासाठी काय सांगू? नुसता भात मिळतो का विचारू?"

"मी पाव खातो. मला पाव आवडलाय. तू खा, गार होईल."

"हे गारच असतं हो."

"मग सावकाश खा."

मनोरमाबाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चमचा उचलला. पहिला घास घेताना त्यांचे डोळे समुद्राकडे होते. दुसऱ्या घासापासून त्यांना समुद्राची गरज उरली नाही. उत्तमराव पाव मोडून एकेक तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवत राहिले. शेवटी मनोरमाबाईंनी कवचाची कड पावाने पुसून घेतली आणि काहीशा संकोचाने रुमाल शोधू लागल्या.

तेवढ्यात उत्तमरावांनी हात वर करून वेटरला बोलावलं आणि रिकाम्या ताटलीकडे बोट दाखवलं.

"धिस," ते म्हणाले. "वन मोअर. फॉर मॅडम."